घंगाळाच्या बदल्यात पाण्यातली स्कूटर

आमच्या घरात वाटणीची एक रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. वाईट वाटा आपल्याच पदरात पडेल या धाकाने पाडणारा सरळ वागतो, अशी त्यामागची समजूत. बदलापूर गावात आमच्या भावकीतली शेतं अशीच वाटली गेली. वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांचीही वाटणी अशीच झाली. जमिनीची मोजणी सरकारी माणसाने केली, तिथे तक्रार नव्हती. शेवटी पडवीतलं सामान उरलं. दादाने त्याचे दोन वाटे पाडले. एकीकडे डिझेलचा पंप, दोन हंडे आणि आईचं तांब्याचं घंगाळ. दुसरीकडे निळ्या ताडपत्रीखाली एकटी पाण्यातली स्कूटर, नदीवर पळवायची.

"उचल," दादा म्हणाला. "तू धाकटा."

भावकीतले चार जण ओटीवर बसून बघत होते. मी ताडपत्रीकडे नजर टाकली आणि काढून घेतली. उल्हासनगरात माझा जुन्या मशिनरीचा धंदा आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतले कॉम्प्रेसर, मोटारी, जनरेटर मी लॉटने उचलतो. आमच्या धंद्यात मालाकडे टक लावून पाहिलं की समोरचा भाव चढवतो. म्हणून मी पाहत नाही. वीस वर्षांत ही सवय हाडात मुरली आहे.

"उघरून बघ त आधी," दादा म्हणाला.

"बघायची गरज नाही. स्कूटर माझी."

बायकोने निघताना एकच गोष्ट सांगितली होती, की काही नको, आईंचं घंगाळ तेवढं घेऊन या. त्या घंगाळात आईने आम्हा दोघांना आंघोळी घातल्या. त्याच्या काठाला एक पोचा आहे, तो माझ्या हातून पडला आणि त्याबद्दल मी मारही खाल्ला. पण उचलायच्या वेळी माझ्यातला धंदेवाला पुढे झाला. तांबं म्हणजे वजनावर जाणारा माल. स्कूटरला कोकणातल्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक आहे. आणि दादाने घंगाळ पंपाशेजारी अगदी पुढे मांडलं होतं. मला वाटलं, हा मला त्याच्याकडे ढकलतोय, म्हणजे स्कूटर त्याला हवी आहे. जे त्याला हवं ते मी घेतलं.

ही स्कूटर मीच आणली होती, नऊ वर्षांपूर्वी. आमची एक पट्टी थेट नदीला लागून आहे. तेव्हा मुंबईचे लोक शनिवार-रविवार आमच्याकडे नदीवर यायला लागले होते, आसपास फार्महाऊस उठत होते. मी दादाला म्हटलं, तू जागा सांभाळ, मशीन मी आणतो. उल्हासनगरातल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडे ती आली होती, समुद्रकिनाऱ्यावरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून. दोन माणसं बसतील अशी, पिवळी-पांढरी. तीन दिवस मी त्याच्या दुकानाच्या पायऱ्या चढलो आणि तीन वेळा रागाने उतरलो. चौथ्या वेळी त्याने हात जोडले.

"साईं, अब इसमें से क्या निकालूं? मेरा खून?"

"ट्रॉली निकालो," मी म्हटलं. "कव्हर निकालो. वो पितल का टुकडा भी निकालो. उतना दाम कम करो."

पितळेचा तुकडा म्हणजे वीतभर नळी होती, एका टोकाला आटे असलेली. त्याने ती उचलून माझ्यापुढे धरली. "साईं, ये मत छोड़ो. जमीन पे चालू करोगे तो इसी से नल का पानी देना पड़ता है. बिना पानी के जल जाएगी."

"पानी की गाडी है, पानी में चलाएगा. जमीन पे किसलिए चलाएगा?"

तो हसला आणि तुकडा खणात टाकला. भाव तेवढा खाली आला. त्या दिवशी मी घरी मिठाई नेली.

एक हंगाम ती चांगली चालली. दादा लुंगी खोचून काठावर उभा राहायचा आणि लोकांना जॅकेटं घालायचा. पुढच्या वर्षी नदीवर दुसऱ्याच कुणाचा तरी अपघात झाला आणि पोलिसांनी सगळ्यांनाच मनाई केली. स्कूटर पडवीत गेली. मी माझ्या धंद्यात गेलो. सात वर्षं ती तिथेच होती, वाटणीपर्यंत.

वाटणीनंतर ती टेम्पोत घालून मी गोदामात आणली. अलिबागकडचं एक गिऱ्हाईक बघायला आलं. मी ऐटीत ताडपत्री ओढली. हँडलला झेंडूची वाळून काळी पडलेली माळ होती, ती तोडून टाकली. नवी बॅटरी लावली, बटण दाबलं. आतून एक टक आवाज आला आणि नंतर काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. गिऱ्हाइकाने सीट उचलून आत नाक घातलं.

"शेठ, आत काहीतरी जळलंय," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

त्याच दुपारी मी गावी गेलो. बूट न काढता ओटीवर चढलो आणि जे बोलायचं नाही तेही बोललो. दादाला माहीत होतं ती मेलीय, म्हणून त्याने ती एकटी काढून ठेवली. सगळ्या भावकीपुढे साधूसारखा बसला आणि मला मढं दिलं. मी घराबाहेर पडून कमावलं, हा घरात बसून चांगुलपणा कमावतो. वहिनी दारात उभी होती. तिच्या मागे मोरीजवळ घंगाळ दिसत होतं, नुकतं घासलेलं.

दादा सुपारी कातरत होता. माझं संपेपर्यंत थांबला.

"झालं? बस. चा घे."

"चहा नको. मला फसवलंस ते कबूल कर."

"मी नाय फसवला तुना. मना म्हाईत होता ती चालते." त्याने अडकित्ता बाजूला ठेवला. "असा कर. चांगल्या फिटरला दाखव. तो बोलला मेलीय, त घंगाल घेऊन जा. तो बोलला जिती हाय, त परत माज्या दारात येऊन फसवला असा बोलायचा नाय. मंजूर?"

"मंजूर."

"आनि ही घे." तो आत गेला, देव्हाऱ्यातून काहीतरी घेऊन आला. स्कूटरची लाल दोरी. तिचं एक टोक बटणाखाली अडकवायचं असतं आणि दुसरं मनगटाला, चालवणारा पडला की इंजिन बंद व्हावं म्हणून. तिच्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. मी एका तारेने काम भागवत होतो. दोरीला हळदीकुंकवाचे डाग होते.

मी ती हिसकावून घेतली. हा सौदा मला सोपा वाटला. मेलेल्या मशिनीला मेली म्हणवून घ्यायला कितीसा वेळ लागतो?

अंबरनाथ पूर्वेला मी राहतो तिथून दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त फिटर आहेत. आयुष्य एका कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेलं. आता ते लोकांची इंजिनं खोलतात, कारण घरात बसवत नाही. स्वच्छ पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात टॉर्च. मी त्यांना काका म्हणतो, ते मला शेठ म्हणतात, आणि त्यात थोडी टिंगल असते. मी त्यांना गोदामात आणलं आणि सरळ सांगितलं, की काका, मेलीय एवढं बोला आणि चला.

"शेठ, उघडल्याशिवाय मी माणसालाही मेला म्हणत नाही," ते म्हणाले आणि बाही दुमडू लागले.

सीटखाली उंदरांनी फोम कुरतडून घर केलं होतं. टाकीतलं पेट्रोल गूळ वितळल्यासारखं झालं होतं. वास असा, की माझा हमाल शटरबाहेर जाऊन उभा राहिला. काकांनी टाकी रिकामी केली, कार्बोरेटर काढून एकेक बारीक भोक तारेने मोकळं केलं. खालच्या पंख्यात नदीचं वाळलेलं शेवाळ दोरखंडासारखं गुंडाळलेलं होतं, ते ब्लेडने कापून काढलं. मग प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये चमचा चमचा ऑईल सोडलं.

"दोन दिवस हात लावू नका," ते म्हणाले. "सात वर्षं पडून असेल तर पिस्टन चिकटलेले असणार. चिकटलेले असले तर तुमचं म्हणणं खरं."

दोन दिवस मी घंगाळ कुठे ठेवायचं याचा विचार करत होतो. बायको म्हणाली गॅलरीत. मी म्हटलं हॉलमध्ये, आल्यागेल्याला दिसेल असं.

तिसऱ्या दिवशी काकांनी पाना लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. ते फिरलं. अगदी हळुवार, एखाद्या वापरातल्या शिवणयंत्राची चक्री फिरावी तसं. त्यांनी प्रेशर मोजलं, आधी एका सिलिंडरचं, मग दुसऱ्याचं. काटा दोन्हीकडे एकाच ठिकाणी थांबला.

"शेठ, हे सात वर्षं पडून नव्हतं."

"म्हणजे?"

"वर्षातून एकदा तरी हे कुणीतरी चालू करत होतं. नाहीतर एवढं मोकळं राहत नाही." मग त्यांनी टॉर्च आत धरला आणि मला वाकायला लावलं. धूर बाहेर नेणारी जाड रबरी नळी करपून फुटली होती, बोट लावलं तर पापडासारखी मोडत होती. "आणि हे बघा. हिचा धूर नदीच्या पाण्याने थंड होतो. कुणीतरी ही कोरडीच चालवली, जमिनीवर, पाण्याशिवाय. म्हणून नळी जळली. इकडे स्टार्टरच्या तारा पण तापून वितळल्यात, म्हणून तुमचं टक टक." ते सरळ उभे राहिले. "चालू करणाऱ्याने इंजिन जगवलं आणि त्यानेच नळी जाळली. जमिनीवर चालवायचा पितळी नोझल कुठाय हिचा?"

मी नळीचा मोडलेला तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"असतो, शेठ. प्रत्येक गाडीबरोबर असतो. विकणारा देतोच."

दसऱ्याला माझ्या गोदामात पूजा असते. गावी मी संध्याकाळी जायचो, आपट्याचं सोनं द्यायला, तेव्हा सगळं आटोपलेलं असायचं. पण तिथे उभ्या उभ्या मला सगळं दिसलं. दादा सकाळी कोयते, पंप, बैलगाडीचं जुनं चाक असं सगळं धुऊन मांडत असणार. स्कूटरला झेंडूची माळ घालत असणार. देव्हाऱ्यातली लाल दोरी आणून लावत असणार आणि पाच मिनिटं तिला चालवत असणार, वर्षाकाठी तिच्यात जीव राहावा म्हणून. मोटारसायकल दोन महिने उभी राहिली की आपण करतो तसंच. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला सांगितलं होतं त्याने तो पितळेचा तुकडा भाव पाडायला खणात परत टाकायला लावला होता.

काका हात पुसत होते. "नळी मिळेल, स्टार्टरची तार नव्याने भरून मिळेल. पंधरा दिवसांत धावेल. तर निकाल असा, की जिवंत आहे."

"काका," मी म्हटलं, "कुणी विचारलं तर मेलीय म्हणा."

 त्यांनी बाही खाली सोडून बटण लावलं. "मी खोटं बोलणार नाही, शेठ. पण माझा नंबर तुम्ही कुणाला दिला नाही तर मला कोण विचारणार?"

मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून मी तो जिथे नेहमी काढतो तिथे काढायला गेलो. गावी गेलो, या वेळी बूट काढून. दादाला सांगितलं, "फिटरने उघडली. आतून सगळी जळलीय. मेलीय."

मी तयारीत होतो. तो म्हणेल, फिटरला फोन लाव. तो म्हणेल, मला दाखव. मी रस्त्याने येताना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठरवून आलो होतो, आणि हरलो असतो तरी भांडून हरलो असतो.  पडवीत जिथे ती उभी असायची त्या रिकाम्या जागेकडे दादाने नुसतं पाहिलं.

"दसऱ्याला चालायची," तो एवढंच म्हणाला. "दर दसऱ्याला मी चालू करायचू. मग यवढ्यात कशी जलली?"

नळी का जळली ते मला त्या क्षणी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. ते सांगितलं तर पितळेच्या तुकड्याचंही सांगावं लागलं असतं.

"जुनी झाली होती," मी म्हटलं.

"मंग तू खरा," तो म्हणाला. त्याने वहिनीला हाक मारली. "घंगाल दे ह्याला."

वहिनीने ते आधीच चिंचेने घासून ठेवलं होतं की काय कोण जाणे, लख्ख होतं. रिकामं भांडं घराबाहेर द्यायचं नाही म्हणून तिने त्यात पायलीभर तांदूळ घातले, वर एक नारळ ठेवला. घरच्या शेतातले तांदूळ. मी म्हटलं, एवढं कशाला. ती म्हणाली, "भावजी, सासूबाईंचं हाय, असंच कसं पाठवू?" तिने एक शब्द वाकडा बोलावा म्हणून मी थांबलो. बोलली नाही. भांडायला काही ठेवलंच नाही दोघांनी. त्या तांदळाचा राग मी अजून त्यांच्यावर धरून आहे.

निघताना दादा गाडीपर्यंत आला.

"ती भंगारात देशील?"

"बघतो."

"दे. पन तिची दोरी मना दे. देव्हाऱ्यात असंल."

खिशातच होती. नाही म्हणायला कारण नव्हतं. मेलेल्या गाडीची दोरी ठेवून मी काय करणार? दिली.

पंधरा दिवसांत नळी आली, स्टार्टर भरून आला, दोरी मी नवी मागवली, काळी. पितळी नोझल मात्र इथे कुठे मिळेना. शेवटी त्याच सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानात गेलो. आता गल्ल्यावर त्याचा जावई बसतो. म्हातारा मागे खुर्चीत होता. मला त्याने ओळखलं, आणि खण न उघडता म्हणाला, "साईं, वो तो उसी हफ्ते दूसरे को बेच दिया." मग हसून जावयाला सांगितलं, की हा माणूस तीन दिवस भांडला होता. शेवटी काकांनी लेथवर एक बनवून दिला. पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला, तर म्हणाले, "राहू द्या शेठ. मला या कामाचे नकोत." तेव्हापासून ते माझं काम घेत नाहीत. तब्येतीचं कारण सांगतात.

गाडी चालते. एका बोटाने चालू होते. अलिबागच्या गिऱ्हाइकाने पुन्हा फोन केला, आणखी दोघे आले. मी विकली नाही. विकली तर कुठल्या तरी किनाऱ्यावर ती पळणार, कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढणार, आणि पिवळी-पांढरी स्कूटर पाहून भावकीतला कुणीतरी तो दादाला नेऊन दाखवणार. नदीत उतरवायचा तर प्रश्नच नाही. म्हणून ती गोदामात मागच्या भिंतीला आहे, पुढे कॉम्प्रेसर रचलेले.

घंगाळ आमच्या हॉलमध्ये आहे. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घंगाळाचं करायचं काय? बायकोने पहिल्या दिवशी पोचा असलेली बाजू भिंतीकडे केली. मी ती पुढे वळवली. तिने त्यात मनी प्लँट लावला. पाहुणे विचारतात, कुठून आणलं, ती सांगते सासूबाईंचं. मग माझ्याकडे बघते. तिला मी सगळं सांगितलेलं नाही. पण आमच्या गोदामात ती येते-जाते.

या दसऱ्याला मी सोनं द्यायला सकाळीच गावी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. अंगणात पाटावर कोयते, पंपाचं हँडल, पुतणीची कॉलेजची वही मांडली होती. त्यांच्या मधोमध लाल दोरी होती, धुतलेली, तिला झेंडूचं एकच फूल बांधलेलं.

"गारी नाय, पन दोरी हाय," दादा म्हणाला. त्याने माझ्या हातात सोनं ठेवलं, मी त्याच्या पाया पडलो. "तुज्या गोदामात पूजा झाली?"

"झाली."

"बरा झाला. जेवून जा."

जेवलो. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाताविषयी बोललो. त्याने एकदा जरी विचारलं असतं, खरंच मेली का रे, तर मी सांगितलं असतं. नाही विचारलं. लहानपणापासून हा असाच आहे, समोरच्याला खरं बोलायची संधी देत नाही आणि वर चांगला ठरतो.

दुपारी गोदामात आलो. हमालाला सुट्टी दिली होती. शटर अर्ध्यावर ओढलं, कॉम्प्रेसर बाजूला सरकवले, नोझल बसवला, नळाला पाईप लावला. आधी इंजिन चालू करायचं आणि मग पाणी सोडायचं, बंद करताना आधी पाणी आणि मग इंजिन. काकांनी हे मला तीन वेळा वदवून घेतलं होतं. काळी दोरी मनगटाला बांधली आणि बटण दाबलं.

पाच मिनिटं चालवली. मागून पाण्याची धार फरशीवर पडत होती, नळी हाताला गार लागत होती. शेजारच्या गाळ्यातला माणूस शटरखालून वाकून म्हणाला, "शेठ, बहुत मस्त आवाज है. पानी में कब उतारोगे?"

मी आधी पाणी बंद केलं. मग इंजिन.